विज्ञान शिक्षकाची पदवी: ऐकीव गोष्टी आणि खरा रस्ता

बारावी सायन्सचा निकाल लागला की डहाणू-तलासरीत एक सल्ला हमखास मिळतो. "नीटचं जमलं नाही ना? मग बीएस्सी कर, वर बीएड टाक आणि मास्तर हो. शाळा काय, पाड्यापाड्यावर आहेत!" सल्ला देणाऱ्या काकांचा हेतू चांगलाच असतो. पण त्यांच्या काळातला बीएड एका वर्षाचा होता, टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता आणि भरती जिल्ह्याच्या पातळीवर व्हायची. आता नियम बदलले आहेत, तरी सल्ला मात्र तोच फिरतो आहे. त्याच्या भरवशावर मुलं चुकीच्या दारात जाऊन उभी राहतात.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज म्हणजे बीएड झालेल्याला कुठलाही वर्ग शिकवता येतो हा. 11 ऑगस्ट 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी बीएड ही पात्रता धरता येणार नाही. तिथे डीएलएडच हवं, म्हणजे जुन्या बोलीतलं डीएड. पाड्यावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळा बहुतेक चौथी-पाचवीपर्यंतच्या असतात. म्हणजे काकांनी ज्या शाळांकडे बोट दाखवलं, नेमक्या त्याच शाळांत विज्ञानाच्या बीएडधारकाला जागा नाही. त्याची जागा सहावीपासून पुढे. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीसाठी गणित-विज्ञानाचा स्वतंत्र शिक्षक असावा लागतो, आणि त्याला टीईटीच्या दुसऱ्या पेपरात उत्तीर्ण व्हावं लागतं. नववी-दहावीला पदवी आणि बीएड लागतं. अकरावी-बारावीला शिकवायचं तर पदव्युत्तर पदवी हवी, तीही त्याच विषयातली. ज्याला लहान मुलांना शिकवायची आवड आहे, त्याने बीएस्सीची तीन आणि बीएडची दोन वर्षं घालवून मग हे कळून घेण्यात अर्थ नाही. बारावीनंतर दोन वर्षांचं डीएलएड हा त्याचा सरळ रस्ता.

दुसरी समजूत अशी की बीएस्सीसाठी मुंबई गाठावीच लागते. तसं मुळीच नाही. बोर्डीत गोखले एज्युकेशन सोसायटीचं एन. बी. मेहता विज्ञान महाविद्यालय आहे. तलासरीत कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर महाविद्यालयात कला-वाणिज्याबरोबर विज्ञानही शिकता येतं. पालघरला सोनोपंत दांडेकर महाविद्यालय आहे आणि 2013 पासून उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत येते. तलासरीला रेल्वे स्टेशन नाही ही अडचण खरीच, पण ती घर सोडून मुंबईला खोली घेण्याइतकी मोठी नाही. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, शासकीय वसतिगृह आणि वसतिगृहात जागा न मिळाल्यास पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना आहे. या सगळ्याची चौकशी डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करायची. कागद जमवायला वेळ लागतो. जातवैधतेचं प्रकरण तर बारावीतच हाती घ्यावं, नाहीतर प्रवेशाच्या दिवसांत पळापळ ठरलेली.

बारावीनंतर थेट चार वर्षांत पदवी आणि बीएड एकत्र करण्याची सोय नवीच आहे, असंही बऱ्याच जणांना वाटतं. एनसीईआरटीच्या विभागीय शिक्षण संस्थांत असा बीएस्सी-बीएड अभ्यासक्रम कित्येक दशकांपासून चालू आहे. महाराष्ट्र-गोव्यासाठीची संस्था भोपाळला. 2023-24 पासून एकात्मिक शिक्षक शिक्षण कार्यक्रम, म्हणजे आयटेप, देशभरातल्या काही संस्थांत सुरू झाला. त्याची प्रवेश परीक्षा एनसीईटी मराठीतही देता येते. बारावीलाच ज्याचं मन ठरलं आहे, त्याचं इथे एक वर्ष वाचतं. तरी डहाणूच्या वर्गांत जेईई आणि नीटची माहिती भिंतीवर चिकटवलेली दिसेल, एनसीईटीचं नावही सापडणार नाही.

एक अफवा अलीकडची: 'बीएड पुन्हा एका वर्षाचा होतोय, थोडं थांबा.' राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने 2025 मध्ये नियमांचा जो मसुदा काढला, त्यात एक वर्षाचा बीएड होता. पण तो चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असणाऱ्यांसाठी. तीन वर्षांची बीएस्सी झालेल्याने त्याची वाट पाहत घरी बसण्यात हशील नाही. 'मुक्त विद्यापीठातून घरबसल्या बीएड' ही गोष्टही अशीच अर्धवट. दूरशिक्षणाचा बीएड मुळात आधीच नोकरीत असलेल्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी आहे. नवख्याला रोज कॉलेजात जावंच लागतं. नियमात हजेरी 80 टक्के, शाळेतल्या आंतरवासितेसाठी 90 टक्के. 'हजेरी आम्ही बघून घेऊ' असं आश्वासन देणारा एजंट भेटलाच, तर तो पैसे घेऊन धोका विकतो आहे एवढं ओळखावं.

बीएडच्या सीईटीला विज्ञान येईल म्हणून बारावीची पुस्तकं पुन्हा काढून बसणारेही असतात. त्या परीक्षेत बुद्धिमापन, सामान्य ज्ञान आणि अध्यापनाचा कल तपासतात, विज्ञान नसतं. विज्ञानाची परीक्षा होते ती पुढे, वर्गात. बीएड आपल्याला करता येतं का, हा इंजिनियरांचा प्रश्न एका वाक्यात संपतो: बीई-बीटेक झालेल्याला गणित-विज्ञानात विशेषज्ञता आणि 55 टक्के गुण असतील तर बीएडचं दार उघडं आहे, बाकी शाखांच्या पदवीधरांना 50 टक्के लागतात, आणि राखीव प्रवर्गाला शासनाच्या नियमाप्रमाणे सवलत मिळते.

आता मुख्य गैरसमज. 'विज्ञान येत असलं की शिकवता येतं, बीएड हा नुसता शिक्का आहे.'

बीएडचं पहिलं वर्ष सुरू झालं की सर्वांत आधी खाली उतरतो तो हाच रुबाब. सूक्ष्म अध्यापनाच्या तासाला पाच-सहा मिनिटांत एकच कौशल्य दाखवायचं असतं, उदाहरणार्थ प्रश्न विचारण्याचं, आणि समोर बसलेले सगळे आपलेच सहाध्यायी. वनस्पतिशास्त्रात पहिला वर्ग मिळवलेली मुलगी उभी राहते आणि सहा प्रश्न विचारते. त्यांतल्या पाचांची उत्तरं 'हो' किंवा 'नाही' निघतात. फलकावर काढलेली आकृती तिच्याच पाठीआड जाते. मागून कुणीतरी निरीक्षण तक्त्यावर खूण करतं. हे दोन वर्षं चालतं. पाठ टाचण, सराव पाठ, मूल्यमापन, आणि या सगळ्यात मिळून किमान 20 आठवडे प्रत्यक्ष शाळेत.

शिवाय शाळेत 'वनस्पतिशास्त्र' नावाचा विषयच नसतो. महाराष्ट्राच्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान'चा पहिला भाग गुरुत्वाकर्षणाने सुरू होतो आणि अवकाश मोहिमांवर संपतो. मध्ये विद्युतधारा, उष्णता, भिंगं, धातुविज्ञान, कार्बनी संयुगं. दुसऱ्या भागाची सुरुवात आनुवंशिकतेने. हे सगळं बहुधा एकाच शिक्षकाला शिकवायचं असतं. टीईटीच्या दुसऱ्या पेपरातही विज्ञानाला गणित जोडलेलं आहे, दोन्ही मिळून 60 गुणांचं. बीएस्सीला असताना 'माझा विषय नाही' म्हणून सोडून दिलेलं भौतिक आणि गणित इथे परत समोर येऊन बसतं.

शिकवणं आणि माहिती असणं यांतलं अंतर पाहायचं तर धुंदलवाडीचं उदाहरण पुरे. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीच्या गावांना भूकंपाचे धक्के बसू लागले. 1 फेब्रुवारी 2019 चा धक्का 4.1 रिश्टरचा होता. लोक तंबूत झोपले, शास्त्रज्ञांनी गावोगाव भूकंपमापकं बसवली. या मुलांपुढे भूकंपाचा धडा नुसता वाचून दाखवणं म्हणजे त्यांनी अंगावर झेललेली गोष्ट त्यांनाच पुस्तकातून सांगणं. चांगला छात्राध्यापक इथे मुलांनाच बोलतं करील. धक्क्याआधी स्फोटासारखा आवाज का येतो? कारण हे भूकंप उथळ आहेत. तोच धक्का धुंदलवाडीत भांडी पाडतो आणि डहाणूत कळतही नाही, असं का? कारण भूकंपाचं परिमाण एकच असतं, तीव्रता मात्र जागेजागी बदलते. आणि गावात सगळीकडे ऐकू येणारा दिलासा: 'बारीक धक्के बसताहेत ते बरं, जोर निघून जातो, मोठा येणार नाही.' इथे फळ्यावर गणित मांडावं. परिमाण एकाने वाढलं की ऊर्जा सुमारे 32 पट होते. म्हणजे 5 च्या एका भूकंपाइतकी ऊर्जा बाहेर पडायला 3 चे जवळपास हजार धक्के लागतील, 6 च्या एकासाठी सुमारे 32 हजार. बारीक धक्क्यांमुळे मोठा येणारच अशी हमी मिळत नाही आणि तो टळतही नाही. म्हणून घर नीट बांधायचं आणि धक्का बसताना काय करायचं ते पाठ ठेवायचं. हा एक तास नीट जमला तर विद्यार्थी भूकंपाबरोबर घातांकही शिकतो.

'प्रयोगशाळाच नाही, तर विज्ञान कसलं?' ही तक्रार आश्रमशाळांतून ऐकू येते. तिच्यात तथ्य आहे. परीक्षानळ्या आणि सूक्ष्मदर्शक मागितलेच पाहिजेत, ते मिळेपर्यंत शासनाला सोडू नये. पण तोवर थांबायचं कारण नाही, आणि हे सांगायला होशंगाबादपर्यंत जायला नको. मध्य प्रदेशात 1972 मध्ये 16 शाळांत सुरू झालेला तिथला विज्ञान कार्यक्रम प्रयोगातून शिकवण्यासाठी देशभर गाजला हे खरं. पण इथे डहाणू तालुक्यातच, 1945 साली बोर्डीत सुरुवात करून नंतर कोसबादच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, दगड हेच शैक्षणिक साहित्य म्हणून वापरलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांकडे गेली, गुरं चरतात तिथे कुरणशाळा भरली. ते काम प्रामुख्याने बालशिक्षणाचं होतं, पण विज्ञानाच्या शिक्षकाने उचलावं असं त्यात बरंच आहे.

आज आजूबाजूला साहित्य आणखी आहे. चिकू झाडावरून काढल्यावर पिकतो तो इथिलीनमुळे. पिकलेल्या फळाशेजारी कच्चा ठेवून मुलं हे स्वतः तपासू शकतात. डहाणूचं औष्णिक वीज केंद्र 500 मेगावॅटचं. कोळशात गंधक असतं, ते जळून सल्फर डायऑक्साइड होतो, आणि तिथे तो धुवायला समुद्राचं पाणी वापरतात. समुद्राचं पाणी किंचित अल्कधर्मी असतं, म्हणून आम्लधर्मी वायू त्यात शोषला जातो. सातवी-आठवीचा आम्ल-आम्लारीचा धडा हाच आहे, फक्त पुस्तकात त्याला लिटमस कागदाचं उदाहरण दिलेलं असतं.

भाषेबद्दलची समजूत तर उलटीच आहे. 'इंग्रजी कच्चं आहे, मग विज्ञान शिक्षक कसा होणार?' बीएस्सीची पुस्तकं इंग्रजीत असतात आणि पहिलं वर्ष त्यामुळे जड जातं, हे मान्य. पण बीएड झाल्यावर ज्या वर्गात जायचं तिथे अडचण वेगळी असते. 2011 च्या जनगणनेत तलासरीत दहापैकी नऊ माणसं अनुसूचित जमातींची होती, डहाणूत सुमारे सात. घरात वारली बोली आणि हातात प्रमाण मराठीचं पुस्तक. सीमेलगत गुजरातीही कानावर पडते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने 1970 च्या दशकात जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या शाळांतून काम सुरू केलं, तेव्हापासून पाठ्यपुस्तकाची भाषा हा ग्रामीण मुलांच्या विज्ञानातला मोठा अडसर म्हणून त्यांनी पुढे आणला. मुलाला संकल्पना जड जात नाही, वाक्य जड जातं. म्हणून वारली घरातून आलेला बीएस्सी-बीएड तरुण या वर्गात दोन पावलं पुढेच असतो. आपली बोली ही उणीव आहे, असं त्याला आजवर कुणी तरी शिकवलेलं असतं, एवढीच अडचण.

नोकरीबाबत मात्र गोड बोलण्यात अर्थ नाही. पदवी म्हणजे नेमणूक नव्हे. 2017 पासून शिक्षक भरतीसाठी 200 गुणांची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते आणि पवित्र पोर्टलवरून निवड होते. ही चाचणी दरवर्षी होतेच असं नाही: 2017 नंतरची थेट 2023 मध्ये झाली. नेमणूक झाली की पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढायची. 2023 पासून ते प्राथमिकला 16 हजार, माध्यमिकला 18 हजार, उच्च माध्यमिकला 20 हजार रुपये आहे. 'पेसा क्षेत्र आहे, स्थानिक आदिवासीला जागा पक्की' हेही अर्धंच खरं. 2014 च्या राज्यपालांच्या अधिसूचनेत स्थानिकांसाठी राखलेल्या पदांत शिक्षक होते, पण तो विषय न्यायालयात गेला आणि निवड झालेल्यांनाही ताटकळावं लागलं. एकलव्य निवासी शाळांची भरती केंद्राकडून वेगळी होते. ज्याने बीएड करतानाच सीटीईटी, म्हणजे केंद्राची टीईटी, उत्तीर्ण केली, त्याला दोन्हीकडे अर्ज करता येतो, आणि 2021 पासून सीटीईटीच्या प्रमाणपत्राला मुदत नाही.

यंदा अर्ज भरणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी स्वतः तपासाव्यात. कॉलेजला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता आहे का, आणि आपल्याला नेमके कोणत्या इयत्तांचे वर्ग शिकवायचे आहेत. पहिलीचं उत्तर परिषदेच्या संकेतस्थळावर मिळतं. दुसरीसाठी जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारून आठवडाभर सातवीच्या मागच्या बाकावर बसावं. बहुतेक मुख्याध्यापक नाही म्हणत नाहीत.