पडद्यावरची माणसं : लेखांक 9
हसरा बावाजी आणि डहाणूची वाडी

गेल्या आठवड्यात आपण अमेरिकेतल्या इटालियन माणसांबद्दल बोलत होतो. 1972 साली 'द गॉडफादर' आला. तो तयार होत असतानाच न्यूयॉर्कमधल्या इटालियन वंशाच्या लोकांच्या संघटनेने एवढा दबाव आणला, की निर्मात्याने पटकथेतून 'माफिया' हा शब्द काढून टाकला. शब्द गेला, पण ठसा राहिला. पुढे कितीतरी वर्षं साध्या गवंड्याला, न्हाव्याला, शाळामास्तराला आपल्या आडनावासोबत टोळीवाल्याची सावली वागवावी लागली.

आपल्याकडे असं कोणाच्या वाट्याला आलं? डहाणू-घोलवड-बोर्डीच्या रस्त्याने जाताना मला याचं उत्तर दोन्ही बाजूंच्या चिकूच्या वाड्यांत दिसतं. यातल्या अनेक वाड्या इराणी कुटुंबांनी उभ्या केल्या. हे लोक धर्माने झरथुष्ट्रीच, पण पारशांच्या मानाने फार उशिरा आलेले. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला यझ्द आणि केरमानकडची गरिबी आणि धर्मावरून होणारा छळ यांना कंटाळून ते निघाले. मुंबईत काहींनी हॉटेलं काढली, इथे काहींनी जमीन धरली. 2016 साली डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे या कुटुंबांचे आणि त्यांच्या वाड्यांत राबलेल्या वारली मजुरांचे हात आहेत.

आता हिंदी सिनेमातला बावाजी, म्हणजे पारशी माणूस, आठवा. डोक्यावर काळी टोपी, दाराशी जुनी मोटार, दर वाक्यात 'डीकरा', स्वभाव तिरसट पण मन सोन्याचं. इराणी असेल तर तो हॉटेलच्या गल्ल्यावर बसलेला. बासू चटर्जींच्या 'खट्टा मीठा'मध्ये (1978) हा माणूस सर्वांत गोड रूपात भेटतो. अशोक कुमार आणि पर्ल पदमसी यांच्या उतारवयातल्या लग्नाची ती गोष्ट मला आजही आवडते. पण अशा चित्रपटांमागून चित्रपटांत बावाजी हसवतच राहिला. कोणी म्हणेल, इटालियनाला गुंड ठरवण्यापेक्षा हे बरं नाही का? बरं आहे, पण पुरेसं नाही. ज्याच्याकडे बघून आपण फक्त हसतो, त्याचं दुःख आपल्याला खरं वाटत नाही.

याचा सर्वांत ठळक पुरावा नानावटी खटल्यात आहे. 27 एप्रिल 1959 रोजी नौदलातले पारशी अधिकारी कावस नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. सगळा देश त्या खटल्याने ढवळून निघाला. त्या घटनेवर बेतलेला 'ये रास्ते हैं प्यार के' 1963 साली आला, 'अचानक' 1973 साली. पहिल्यात नायक सुनील दत्त, दुसऱ्यात विनोद खन्ना. दोन्हींत नायकाचं पारशीपण पुसलेलं. तो पडद्यावर पारशी म्हणून उभा राहायला 2016 सालचा 'रुस्तम' यावा लागला. हसवायचं असेल तर पारशी चालतो, मात्र प्रेक्षकाने ज्याच्यासाठी रडायचं त्याचं नाव बदलायचं, असा हा हिशेब होता. मला तो अन्यायाचा वाटतो.

विशेष म्हणजे कॅमेरा या समाजाच्या हाती पहिल्यापासून होता. 14 मार्च 1931 ला 'आलम आरा' पडद्यावर आणणारे अर्देशिर इराणी, वाडिया मूव्हीटोनचे वाडिया बंधू, सोहराब मोदी. हे सगळे मुख्यतः राजेरजवाडे, पोथ्यापुराणं आणि साहसकथा यांत रमले. स्वतःच्या घरात त्यांनी कॅमेरा नेला नाही. अमेरिकेत 'द गॉडफादर'चे दिग्दर्शक कपोला आणि स्कॉर्सेसी या इटालियन वंशाच्या दोघांनी तो नेला. त्यांच्या चित्रपटांत गुन्हेगार आहे, पण त्याच्या घरचं लग्न आहे, बाप्तिस्मा आहे, स्वयंपाकघरातला रस्सा आहे. म्हणून तो माणूस वाटतो. आपल्याकडे हे काम उशिरा झालं. बी. के. करंजिया यांच्या कथेवर विजया मेहतांनी 'पेस्तनजी' (1988) केला. पुढे सूनी तारापोरवालांचा 'लिटल झिझू' आला. 'परझानिया'ने तर 2002 च्या दंगलीत अहमदाबादेत मुलगा हरवलेल्या पारशी आईबापांचं दुःख दाखवलं. 'पेस्तनजी'तला एकटेपणा एका मराठी दिग्दर्शिकेला दिसला, याचा मला अभिमान वाटतो.

पण डहाणूची वाडी माझ्या पाहण्यात तरी अजून पडद्यावर आलेली नाही, आणि ती आणणं सोपं नाही. कारण इथला इराणी किंवा पारशी कधी जमीनदारही होता. 1945 साली किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांसोबत वारली उठले ते वेठबिगारी आणि लग्नगडी (लग्नाच्या कर्जापोटी राबवून घेण्याच्या) पद्धतीविरुद्ध. ज्यांच्याविरुद्ध उठले त्या सावकार-जमीनदारांत अनेक जातीधर्मांचे लोक होते, त्यांत पारशी-इराणीही होते. त्या वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाड्याच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी पडले. तलासरीत ती आठवण आजही जागी आहे.

आणि याच मातीतल्या नर्गिस इराणी औष्णिक वीज प्रकल्पाविरुद्ध वर्षानुवर्षं लढल्या. 1991 साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तालुक्याच्या पर्यावरणरक्षणासाठी प्राधिकरण बसलं, न्यायमूर्ती धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. तालुक्याची हिरवाई टिकली त्यात त्या लढ्याचा वाटा आहे. पिळवणूक करणारा शेठ आणि जंगल राखणारी बाई एकाच समाजातून येतात. काळ्या टोपीच्या विदूषकात यातलं काहीच मावत नाही.

वारल्यांच्या वाट्याला तर याहून वाईट आलं. हिंदी सिनेमातला आदिवासी म्हणजे पिसं, हाडं आणि आगीभोवतीचा नाच. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं जगभर गेली, त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. पण त्यांचे लोक ज्या तारप्याच्या सुरावर फेर धरतात, तो तारपा लोकप्रिय सिनेमाला ओळखताही येत नाही.

डहाणू-तलासरीतल्या तरुण वाचकांना एक विनंती आहे. कॅमेरा आता तुमच्या खिशात आहे. वाडीतल्या म्हाताऱ्या इराणी आजींना केरमानबद्दल विचारा. पाड्यावरच्या आजोबांना वेठीबद्दल विचारा. दोघांचं बोलणं, त्यांच्याच बोलीत, याच पावसाळ्याच्या आधी टिपून ठेवा. त्या पिढीतली माणसं आता फार थोडी उरली आहेत.