वळवणचे मत्स्यबीज

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील नद्यांत स्टीलहेड या नावाने ओळखला जाणारा मासा म्हणजे समुद्रात वाढून अंडी घालण्यासाठी पुन्हा नदीत शिरणारा रेनबो ट्राउट होय, आणि हिवाळा सरत असताना त्याच्यासाठी थंड पाण्यात कमरेपर्यंत उभे राहून फ्लाय फिशिंग करण्याची तेथे जुनी परंपरा आहे. फ्लाय फिशिंग ही गळ टाकण्याची अशी रीत आहे की तिच्यात आमिषाला वजन जवळजवळ नसते. गरीवर पिसे, केस व धागा गुंडाळून कीटकाचा किंवा लहान माशाचा आभास निर्माण केला जातो, काठीच्या हेलकाव्याने दूर जाते ती जाड व वजनदार दोरी, आणि फसवे आमिष केवळ तिच्यामागून जाऊन पाण्यावर उतरते. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा असल्यामुळे भारतात तो काश्मीर, हिमाचल, निलगिरी व मुन्नार अशा उंच प्रदेशांतच रुजला, आणि सह्याद्रीतील उन्हाळा त्याला मानवणारा नाही. या डोंगररांगेचा वेगवान पाण्यातील मासा वेगळाच आहे. तो म्हणजे दख्खनचा महसीर, ज्याला बोलीभाषेत खडची असेही म्हणतात. मोठे खवले, जाड ओठ आणि प्रवाहाविरुद्ध चढण्याची विलक्षण ताकद यांमुळे गळ टाकणाऱ्यांनी त्याला ट्राउट व सामन यांच्या पंक्तीत बसवले, आणि हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द रॉड इन इंडिया’ या ग्रंथात महसीरालाच मानाचे स्थान दिले.

या माशाचे शास्त्रीय नाव टॉर खुद्री. मुंबई इलाख्यात सांख्यिकीचे काम पाहणारा लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स याने मुळा-मुठेतील माशांवरून त्याचे वर्णन १८३९ साली प्रसिद्ध केले. रायगड किनाऱ्याशी या माशाचा संबंध जोडला गेला तो मात्र विजेमुळे. टाटांच्या जलविद्युत योजनांनी घाटमाथ्यावर धरणे बांधून पूर्वेकडे कृष्णेच्या खोऱ्यात जाणारे पाणी बोगद्यांतून व नळांतून पश्चिमेला कोकणात उतरवले. १९१५ साली खोपोली, १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा अशी तीन वीजगृहे सुरू झाली, आणि ही तिन्ही आजच्या रायगड जिल्ह्यात आहेत. भिऱ्यासाठी मुळशीचे धरण बांधताना मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या व सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला, हा इतिहास सुपरिचित आहे. त्याची एक बाजू मात्र क्वचितच लक्षात घेतली जाते: ज्या मुळा नदीशी या माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन निगडित आहे, तिचेच पाणी आज भिऱ्याला जनित्रे फिरवून कुंडलिकेत उतरते आणि रेवदंड्याच्या खाडीला मिळते. माघ-फाल्गुनात कोकणातील बहुतेक नद्या आटून डोहांपुरत्या उरतात, तेव्हाही कुंडलिका खळाळत असते याचे कारण हेच, आणि कोलाडचे राफ्टिंगही याच पाण्यावर चालते.

धरणांनी महसीराची वाट अडवली. पावसाळ्यात उगमाकडे चढून गोट्यांच्या, वाळूच्या तळावर अंडी घालणाऱ्या या माशाला भिंतीपलीकडे जाता येत नाही. या हानीची काही भरपाई म्हणून लोणावळ्याजवळ वळवण तलावाच्या काठी १९७०च्या सुमारास महसीराचे बीजोत्पादन केंद्र उभे राहिले. त्यामागील शास्त्रीय काम प्रामुख्याने डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांचे होते. १९४० साली कोकण किनाऱ्याच्या मचूळ पाण्यातील, जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीच्या होराइक्थिस सेतनाई या माशाचा शोध लावणारे कुलकर्णी उत्तरायुष्यात मीटरभराहून अधिक वाढणाऱ्या महसीराकडे वळले, आणि या दोन टोकांच्या माशांमध्ये एकाच अभ्यासकाचे आयुष्य सामावले ही मराठी विज्ञानाच्या इतिहासातील नोंदवण्याजोगी गोष्ट आहे.

केंद्राचे काम पावसाच्या तालावर चालते. जुलै ते सप्टेंबर या काळात ओढ्यांच्या मुखाशी जमणारे पक्व नर-मादी पकडले जातात, मादीच्या पोटावर हलका दाब देऊन अंडी कोरड्या भांड्यात घेतली जातात, त्यांवर नराचे रेत मिसळले जाते आणि त्यानंतरच पाणी घातले जाते. महसीराची अंडी पिवळसर, जड व तळाशी बसणारी असतात, आणि रोहू किंवा कटला यांच्या मानाने त्यांची संख्या फारच कमी असते. म्हणून प्रत्येक अंड्याची राखण करावी लागते. वाहत्या पाण्यातील तबकांत ती पसरली की साधारण तीन दिवसांत फुटतात. पण खरी कसोटी त्यानंतर लागते. बाहेर आलेले पिल्लू इतर कार्प माशांच्या पिल्लांसारखे लगेच पोहू लागत नाही. पोटाखालील बलकाची पिशवी संपेपर्यंत ते कित्येक दिवस तळाशीच पडून राहते, प्रकाश टाळते, आणि कोपऱ्यात डोके खुपसून इतरांसह गर्दी करते. कुलकर्णी यांनी या अर्धनिश्चल अवस्थेचे केलेले निरीक्षण फार मोलाचे आहे, कारण नदीतील महसीर नेमका कोठे मरतो याचे उत्तर त्यातून मिळते. या दिवसांत तळावर गाळ बसला, कोणी वाळू उपसली किंवा पाणी एकाएकी ओसरले, तर ते पिल्लू पळून जाऊ शकत नाही.

या सर्व कामातील सर्वांत बुद्धिमान युक्ती मात्र ओल्या कापसाची आहे. अंडी दूर पाठवण्याचा प्रश्न ट्राउटच्या बाबतीत एकोणिसाव्या शतकातच सुटला होता. १८६४ साली इंग्लंडहून टास्मानियाला ती शेवाळात गुंडाळून बर्फात ठेवून जहाजाने नेली गेली, आणि थंडीमुळे गर्भाची वाढ मंदावल्याने कित्येक आठवड्यांचा प्रवास त्यांनी सोसला. उष्ण पाण्यातील महसीराला अशी सवड नसते, कारण त्याचे अंडे तीन दिवसांत फुटणारच. पाण्याने भरलेल्या पिशव्यांतून पिल्ले पाठवावीत तर वजन फार वाढते. कुलकर्णी व ओगले यांनी फलित अंडी भिजवलेल्या कापसाच्या थरांमध्ये ठेवून विमानाने पाठवली आणि ही पद्धत १९७९ साली ‘अ‍ॅक्वाकल्चर’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यामागील तत्त्व साधे आहे: अंड्याला पोहण्यासाठी पाणी लागत नाही, त्याला लागतो तो ओलावा आणि प्राणवायू, आणि अंड्याभोवतालच्या पाण्याच्या पातळ थरातून हवेतील प्राणवायू साचलेल्या पाण्यातल्यापेक्षा अधिक सहज आत पोहोचतो. महागडे यंत्र किंवा परदेशी रसायन न वापरता, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या वस्तूने एका दुर्मीळ माशाचा वंश देशभर पोहोचवता आला, हे निर्विवादपणे कौतुकास्पद आहे.

परंतु याच सुलभतेतून पुढील संकट उद्भवले. १९७०च्या दशकात वळवणचे बीज कावेरीत सोडले गेले. कावेरीत मूळचा, पाठीवर उंचवटा असलेला एक प्रचंड महसीर होता. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातील मृगयाप्रेमीने २२ मार्च १९४६ रोजी काबिनी नदीत पकडलेला १२० पौंडांचा विक्रमी मासा त्याच कुळातला मानला जातो. कावेरीकाठच्या एका गळ-शिबिरात मासा पकडून, मोजून पुन्हा सोडून देण्याची शिस्त होती, आणि पकडलेल्या प्रत्येक माशाची नोंद ठेवली जाई. १९९८ ते २०१२ या काळातील या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा निळसर परांचा आगंतुक टॉर खुद्री वाढत गेला आणि मूळ रहिवासी जवळजवळ नाहीसा झाला असे आढळले. २०१८ साली कावेरीचा तो मासा टॉर रेमादेवी ही प्रजाती असल्याचे निश्चित झाले आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय लाल यादीत तिची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. त्याच यादीत वळवणचा टॉर खुद्री मात्र संकटग्रस्त वर्गातून काढून चिंता नसलेल्या वर्गात ठेवला गेला. एका माशाचे यश आणि दुसऱ्याचा ऱ्हास एकाच यादीत नोंदले जावेत, ही गोष्ट संवर्धनाविषयी आस्था असणाऱ्या प्रत्येकाला अस्वस्थ करणारी आहे.

अमेरिकेतही स्टीलहेडच्या बाबतीत हाच धडा मिळाला आहे. केंद्रात वाढवलेले मासे जंगली माशांत मिसळले की नदीत टिकून राहण्याची पिढीजात क्षमता क्षीण होते, म्हणून तेथे केंद्रातील पिल्लांचा शेपटीजवळील लहान मांसल पर कापून त्यांना सोडले जाते, आणि अखंड परांचा मासा गळाला लागला तर तो जंगली समजून परत सोडणे बंधनकारक केले जाते. महसीर कार्प कुळातील असल्याने त्याला तो परच नसतो. त्यामुळे ही सोपी खूण येथे उपयोगाची नाही, आणि सोडलेला मासा कोणता व नदीतला कोणता हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. शिवाय वळवणच्या केंद्रात हिमालयातील सोनेरी महसीराचीही पैदास झालेली असल्याने संकराची शक्यता दुर्लक्षिता येत नाही.

रायगडच्या नद्यांत बीज सोडून त्या फ्लाय फिशिंगसाठी विकसित कराव्यात ही कल्पना आकर्षक वाटेल, पण तिच्यासमोरील अडचणी मोठ्या आहेत. कुंडलिकेचे पाणी विजेच्या मागणीनुसार चढते व उतरते, त्यामुळे तळाशी निपचित पडून राहणाऱ्या पिल्लांना ते पोषक नाही. रोह्याजवळ धाटावची, पाताळगंगेवर खोपोली-रसायनीची आणि सावित्रीवर महाडची औद्योगिक वसाहत आहे, आणि खालच्या टप्प्यातील पाणी कारखान्यांच्या सांडपाण्यापासून मुक्त नाही. या तुलनेत महाड तालुक्यातील वाळण कोंडाचे उदाहरण अधिक आशादायक आहे. सावित्रीची उपनदी काळ हिच्या पात्रातील या खोल डोहात वरदायिनी देवीच्या श्रद्धेमुळे महसीर पिढ्यानपिढ्या सुरक्षित राहिला आहे. भाविक त्यांना खाऊ घालतात, आणि येथे कोणी गळ टाकत नाही. बीजकेंद्राशिवाय, केवळ न मारण्याच्या निर्णयातून, मोठे मासे मोठ्या संख्येने टिकतात हे तेथे दिसते.

आंबोलीच्या महादेव मंदिरालगतच्या कुंडातील हिरण्यकेशी या लहान माशासाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ साली ती जागा जैविक विविधता कायद्याखाली जैवविविधता वारसास्थळ घोषित केली. त्याच तरतुदीखाली वाळण कोंडाला आणि त्याच्या वरच्या-खालच्या प्रवाहाला संरक्षण द्यावे, आणि वळवणचे बीज भीमा-कृष्णेच्या खोऱ्याबाहेर, कोकणच्या नद्यांसह कोठेही, तेथील मूळ माशांची जनुकीय तपासणी झाल्याशिवाय सोडले जाऊ नये, असा आग्रह मत्स्यव्यवसाय खात्याकडे धरणे हे या माशावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाचे, गळ टाकणाऱ्यांचे तर सर्वांत आधी, कर्तव्य आहे.