बाक काटकोनात ठेवा

सोसायटीच्या किंवा गावाच्या बागेत बाक बसवायचे ठरले की चर्चा मालावरच अडते: लोखंडी, सिमेंटचा, की हल्ली मिळतो तो टाकाऊ प्लास्टिकचा? पण अनोळखी माणसं तिथे बोलू लागतील की नाही, हे आधी जागेवर आणि मांडणीवर ठरतं.

जागेचं पाहू. शहरी जीवनाचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी न्यू यॉर्कमधल्या चौकांचं चित्रीकरण करून १९८० मध्ये आपली निरीक्षणं मांडली. माणसांना माणसं पाहायला आवडतात. ती वर्दळीच्या कडेला बसतात. म्हणून बाक निवांत कोपऱ्यात लपवू नये. पायवाटेलगत, झाडाच्या सावलीत ठेवावा.

आता मांडणी. एका रांगेतल्या बाकांवर शेजाऱ्याशी बोलायला मान वळवावी लागते. समोरासमोर बसलं की नजर चुकवणं अवघड होतं. दोन बाक काटकोनात ठेवले तर बोलताही येतं आणि गप्पही बसता येतं. बार्सिलोनाच्या पार्क ग्वेल या बागेत वास्तुविशारद अंतोनी गाउदी आणि जोझेप मारिया जुजोल यांनी लांबलचक बाकच नागमोडी केला. आतल्या वळणात घोळका जमतो, बाहेरच्या वळणावर एकांत मिळतो. त्या बाकावर फुटक्या टाइल्सचे तुकडे जडवले आहेत. अखंड टाइल वळणावर बसत नाही, तुकडे बसतात. टाकाऊ मालाचा स्वभाव ओळखला की तोच आकाराला मदत करतो.

आपल्याकडे पाडलेल्या घरांच्या शहाबादी फरशा मिळतात. त्या कट्ट्याला उत्तम. झाडाभोवती पार बांधायलाही चालतात. तेलाच्या आणि डिटर्जंटच्या डब्यांचं एचडीपीई प्लास्टिक वितळवून फळ्या करतात. त्यात पीव्हीसी हे दुसरं प्लास्टिक मिसळू देऊ नये, तापल्यावर पीव्हीसीतून घातक वायू निघतो. या फळ्या कुजत नाहीत, वाळवी लागत नाही. पण वजनाखाली हळूहळू वाकतात, म्हणून लाकडापेक्षा कमी अंतरावर आधार द्यावा. उन्हाने त्या लांबतात, तेव्हा स्क्रूची भोकं लांबट ठेवावीत. काळा रंग प्लास्टिकचं उन्हापासून रक्षण करतो, पण चटकाही देतो. सावली हवी ती यासाठीही.

बैठक जमिनीपासून साधारण ४५ सेंटीमीटर असावी. एका बाजूला तरी हात असावा, कारण गुडघे दुखणारी आजी त्यावर भार देऊनच उठते. बाकाशेजारी व्हीलचेअरपुरती सपाट जागा मोकळी सोडावी, म्हणजे त्या खुर्चीतला माणूसही गप्पांत असेल. फळ्यांत फट आणि फरशीला किंचित उतार ठेवला की पावसाचं पाणी साचत नाही.

शेवटी, बाक लगेच जमिनीत पक्के रोवू नयेत. काही आठवडे नुसते मांडून ठेवावेत. लोक ते कुठे सरकवतात, संध्याकाळी कुठला रिकामा राहतो, हे पाहावं आणि मगच बोल्ट आवळावेत. वापरणाऱ्यांनी निवडलेल्या जागी बसवलेला बाक रिकामा राहण्याची भीती कमी.