हवेला शीव नाही

मार्गशीर्ष-पौषातल्या एखाद्या थंड सकाळी चामटोलीच्या माळावर उभे राहून गावाकडे पाहा. घराघरांतून चुलीचा धूर वर निघतो, थोडा वर चढतो आणि मग पुढे न जाता आडवा पसरतो. जणू कोणी वरून झाकणच ठेवले आहे! हे झाकण खरोखरीच असते. रात्री जमीन निवते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते, आणि तिच्यावर उबदार हवेचा थर येऊन बसतो. खालची जड हवा वर जाऊ शकत नाही. ऊन तापले, जमीन तापली, की हे झाकण उघडते आणि धूर मोकळा होतो. त्यातून आपला मुलूख उल्हास नदीच्या खोऱ्यातला. एका अंगाला मलंगगड-माथेरानचे डोंगर, दुसऱ्या अंगाला सह्याद्री. परातीत पाणी साचावे तशी हिवाळ्यात इथे हवा साचते.

आता त्या थरात धूर कोणकोणाचा असतो? आपल्या चुलीचा असतो. वीटभट्टीचा असतो. कचऱ्याच्या ढिगाला लागलेल्या आगीचा असतो. रस्त्यावरच्या मालमोटारींचा असतो, त्यांच्या चाकांनी उडवलेली धूळ असते. आणि बदलापूर, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींतल्या धुराड्यांचाही असतो. ती हवा आपण श्वासावाटे घेतो. मोठा माणूस दिवसाकाठी सुमारे दहा हजार लिटर हवा आत घेतो. पाणी गढूळ दिसले तर आपण ते गाळून पितो, हवेचे तसे करता येत नाही. म्हणून ही हवा स्वच्छ राखण्याचे काम एकट्यादुकट्याचे नाही, ते समाजाचे आणि सरकारचे आहे. सरकारने या बाबतीत आजवर काय केले, गाडी कुठवर आली आणि पुढे कोणत्या वाटेने गेली पाहिजे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आपल्याकडे धुरावरचा कायदा नवा नाही. मुंबईत कापडगिरण्यांची धुराडी काळा धूर ओकू लागली, तेव्हा १९१२ साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला. पण तो डोळ्यांना दिसणाऱ्या धुरापुरता होता. न दिसणारा धूर किती घातक असतो हे जगाला पुढे कळले. डिसेंबर १९५२ मध्ये लंडन शहरावर असेच झाकण बसले. घराघरांतल्या कोळशाच्या शेगड्यांचा आणि कारखान्यांचा धूर पाच दिवस खाली दाबून राहिला, आणि त्या काळच्या मोजणीप्रमाणे सुमारे चार हजार माणसे दगावली. पुढच्या अभ्यासकांनी हा आकडा याहून पुष्कळ मोठा धरला आहे. तेव्हा १९५६ साली तिथे स्वच्छ हवेचा कायदा झाला. त्यातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. लोकांना नुसते ‘कोळसा जाळू नका’ असे सांगून ते थांबले नाहीत. ठरलेल्या भागांत शेगडी बदलण्याच्या खर्चाचा मोठा वाटा सरकारी पैशातून दिला गेला.

आपल्या राज्यात प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० साली स्थापन झाले. पण त्या वेळी त्याच्याकडे काम होते ते पाण्याचे. हवेचा कायदा संसदेने १९८१ साली केला. त्या कायद्याने कारखानदाराला मंडळाचे संमतिपत्र घेणे भाग पडले. धुराडे किती उंच हवे, त्यातून काय आणि किती बाहेर पडावे, हे ठरवून दिले गेले. पुढे २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळला विषारी वायू सुटून हजारो माणसे मेली. त्या आघातातून १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ साली हवेच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि साठ दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिकालाही न्यायालयात तक्रार नेण्याची वाट मोकळी झाली.

कायदा झाला, पण हवा बिघडली की सुधारली हे समजावे कसे? दुधाला लॅक्टोमीटर लावावा तसे हवेलाही काही तरी लावावे लागते. १९८४ साली आपल्या देशात हवा मोजण्याचा कार्यक्रम सुरू झाला, तो आग्रा आणि अनपरा या दोन ठिकाणच्या अवघ्या सात केंद्रांवर. आज अशी केंद्रे देशभर आहेत. त्यांतल्या साध्या केंद्रावर आठवड्यातून दोन दिवस, चोवीस तास हवा ओढून घेतात, म्हणजे वर्षाला १०४ नोंदी होतात. अलीकडे रात्रंदिवस आपोआप नोंद करणारी यंत्रेही आली आहेत. बदलापुरात कात्रपला असे एक यंत्र आहे.

ही यंत्रे मुख्यतः काय मोजतात, ते शाळेतल्या गुरुजींनी आणि बाईंनी मुलांना जरूर समजावून द्यावे. एक मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपला केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो. दहा मायक्रॉनपर्यंतचे धूलिकण नाकाघशातून आत उतरतात. अडीच मायक्रॉनपर्यंतचे कण त्याहून बारीक. ते फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि त्यांतले सर्वांत बारीक तर रक्तातही मिसळतात. दमा, खोकला तर होतोच, पण हृदयविकार आणि पक्षाघात यांनाही हे कण हातभार लावतात. धूळ उडते ती पुष्कळशी जाड कणांची. सरपण, कोळसा, डिझेल, कचरा जळतो तेव्हा मात्र हे बारीक कण फार निघतात. २००९ साली सरकारने ठरवून दिलेल्या प्रमाणानुसार एक मीटर लांब, रुंद आणि उंच एवढ्या हवेत दहा मायक्रॉनपर्यंतचे कण वर्षाच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅमहून आणि अडीच मायक्रॉनपर्यंतचे ४० मायक्रोग्रॅमहून अधिक नसावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली या बारीक कणांसाठी घातलेली मर्यादा आहे अवघी पाच. म्हणजे आपले मोजमाप अजून सैलच आहे.

२०१५ साली हे सगळे आकडे एकाच अंकात सांगण्याची सोय झाली. त्याला हवा गुणवत्ता निर्देशांक म्हणतात. शून्य ते ५० चांगली हवा, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिवाईट आणि त्यापुढे तीव्र. केंद्रीय मंडळाच्या ‘समीर’ या ॲपवर तो ज्याला हवा त्याला पाहता येतो.

तुम्ही म्हणाल, मोजले हे ठीक, पण सुधारले काय? सुधारले, हे कबूल केले पाहिजे. पेट्रोलमधले शिसे २००० सालापासून देशभर गेले. लहान मुलांच्या बुद्धीला शिशाने अपाय होतो. तेव्हा हा लाभ थोडा नव्हे. डिझेल-पेट्रोलमधल्या गंधकाचे प्रमाण एप्रिल २०२० पासून दर दहा लाख भागांत ५० वरून १० वर आले. आज देशातल्या बहुतेक शहरांत गंधकाचा वायू ठरल्या मर्यादेच्या आत आहे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गोरगरिबांच्या घरी गॅसची शेगडी गेली. चुलीपुढे बसणाऱ्या मायबहिणींच्या छातीला त्याने आराम मिळाला, पण सिलिंडर पुन्हा भरून आणणे जिथे परवडत नाही तिथे चूल पुन्हा पेटते, हेही खरे आहे.

धूलिकणांनी मात्र दाद दिली नाही. डिसेंबर २००९ मध्ये केंद्रीय मंडळाने देशातील ८८ औद्योगिक भागांची तपासणी जाहीर केली. त्यांतले ४३ अतिप्रदूषित ठरले, आणि त्यांत आपली शेजारीण डोंबिवली होती. मग जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला. सलग पाच वर्षे ज्यांची हवा मर्यादेबाहेर राहिली अशी शहरे निवडली. यादी पुढे वाढत १३१ शहरांची झाली. महाराष्ट्रातली त्यांत १९ आहेत, आणि मुंबई, पुणे, नागपूर यांच्या पंगतीत बदलापूर आणि उल्हासनगर ही नावेही आहेत. २०१७ च्या मानाने २०२४ पर्यंत धूलिकण २० ते ३० टक्क्यांनी कमी करावयाचे, असे आधी ठरले. पुढे २०२५-२६ पर्यंत ४० टक्के असे उद्दिष्ट वाढवले.

आता या कार्यक्रमातली खोच पाहा. त्याच्या यशापयशाचा हिशेब दहा मायक्रॉनच्या जाड कणांवर ठेवला गेला. साहजिकच पैशाचा मोठा वाटा गेला रस्त्याच्या धुळीवर. यांत्रिक झाडू, पाण्याचे फवारे, रस्त्याच्या कडा पक्क्या करणे यांवर. धूळ बसली हे चांगलेच झाले. पण अंगणात सडा घातला म्हणून चुलीचा धूर कमी होत नाही. फुफ्फुसाच्या तळाशी जाणारे कण जळण्यातून येतात आणि त्या जळण्याकडे लक्ष कमी गेले.

दुसरी खोच आपल्या अगदी दाराशी आहे. कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसा. आधी उल्हासनगर लागते, मग अंबरनाथ, मग बदलापूर. यादीत पहिले नाव आहे, तिसरे आहे, मधल्या अंबरनाथचे नाही. आणि चामटोलीसारख्या खेड्यांचा तर प्रश्नच नाही, कारण यादी शहरांची आहे. वास्तविक अंबरनाथच्या धुराड्यातून निघालेला धूर बदलापूरच्या वेशीवर थांबून परवानगी विचारत नाही. जून २०२१ मध्ये बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत वायुगळती झाली, सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथला झाली. लोकांचे डोळे चुरचुरले, घसे धरले, श्वास घेणे जड झाले. वायू वाऱ्याबरोबर गेला. नगरपरिषदेची हद्द पाहून गेला नाही.

म्हणून पुढची वाट कोणती, हे शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज पडू नये. पाणलोटाचे काम तुम्ही पाहिले आहे. ओढा अडवायचा तर एकट्या सखाराम किंवा धोंडू यांच्या बांधापुरता अडवून भागत नाही. माथ्यापासून पायथ्यापर्यंत सगळा उतार एक धरावा लागतो. हवेचेही असेच पाणलोट असते. जाणते लोक आता हेच सांगतात, की शहराशहराची वेगळी योजना न करता एका हवेत राहणाऱ्या सगळ्या गावांची मिळून एक योजना करावी. उल्हासच्या खोऱ्याची अशी एक योजना झाली तर उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि त्यांच्या कुशीतली खेडी एकाच हिशेबात येतील. हिशेब बारीक कणांचा ठेवावा. आणि मोजण्याची यंत्रे शहराच्या चौकापुरती न ठेवता गावातही यावीत. ज्या गावाची हवा मोजली जात नाही, तिथल्या मुलाचा खोकला कोणत्याच तक्त्यात येत नाही.

तोवर आपण स्वस्थ बसावे काय? मुळीच नाही. राबाचीच गोष्ट घ्या. भाताच्या रोपासाठी पाला-गोवर भाजण्याची आपली जुनी चाल. त्याने तण जळते, राख मिळते. शेतकऱ्याच्या या चार दिवसांच्या धुराला कारखान्याच्या वर्षभराच्या धुराच्या जोडीला बसवणे न्यायाचे होणार नाही. तथापि गादीवाफ्यावर शेणखत घालून राबाशिवायही चांगले रोप होते. यंदा एका वाफ्यावर तरी करून पाहा. प्लास्टिक आणि रबर मात्र चुलीत किंवा शेकोटीत कधीही घालू नका. त्याचा धूर साध्या लाकडाच्या धुराहून फार विषारी.

गुरुजी, बाई, आपल्याला एक काम सांगतो. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शाळांतून शिकवला जावा असा आदेश दिला. तो विषय पुस्तकात न ठेवता ओसरीवर आणा. पांढऱ्या पुठ्ठ्याचे तीन तुकडे घ्या. त्यांना पातळसे व्हॅसलीन लावा. एक शाळेच्या ओसरीवर टांगा, एक मोठ्या रस्त्याकाठी, एक शेतात. आठ दिवसांनी भिंग घेऊन मुलांना कण मोजू द्या. सोबत एक वही घाला. तारीख, वेळ, वारा कुठून होता, वास कसला आला, धूर कुठे दिसला, वर्गातली किती मुले खोकल्याने घरी राहिली, एवढेच लिहावयाचे. हे काही सरकारी यंत्राच्या तोडीचे मोजमाप नव्हे. पण वर्षभराची अशी वही घेऊन ग्रामसभेने ठराव केला आणि तो प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण येथील कार्यालयात दिला, तर ‘वास येतो हो साहेब’ या तोंडी तक्रारीपेक्षा त्याचे वजन निश्चित अधिक राहील.

१९१२ मध्ये आपण डोळ्यांना दिसेल तेवढा धूर पाहिला, १९८१ मध्ये धुराड्याला कायदा लावला, १९८४ पासून हवा मोजू लागलो, २०१९ मध्ये शहरे धरली. आता पाळी आहे खेड्यांची. उद्या सकाळी माळावरून तो आडवा पसरलेला धूर दिसला, तर वहीचे पहिले पान त्यानेच सुरू करा.