जळलेल्या कर्बापासून पुन्हां इंधन

लाकूड जळलें म्हणजे मूठभर राख मागें उरते, एवढेंच आपल्या डोळ्यांस दिसतें. परंतु त्यांतील बहुतेक कर्ब कार्बन डायऑक्साइड ह्या अदृश्य वायूच्या रूपानें हवेंत मिसळून जातो. हा वायु पृथ्वीची उष्णता अडवून धरतो, व तो फार वाढल्यामुळेंच आज जगाचें हवामान तापत चाललें आहे. ह्या वायूचें पुन्हां उपयुक्त पदार्थांत रूपांतर करितां येईल काय, ह्याचा थोडासा विचार आम्हीं येथें योजिला आहे.

हा प्रश्न अगदींच नवा नव्हे. फ्रान्समधील तुलूझ येथील रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिये व त्यांचे सहकारी यांनीं इ. स. १९०२ मध्यें हा वायु हायड्रोजनसह निकेलच्या तप्त चूर्णावरून नेला. तेव्हां मिथेन हा ज्वलनशील वायु व पाणी हीं तयार झालीं. निकेल मात्र खर्ची पडलें नाहीं. स्वतः न खपतां रासायनिक क्रिया सुलभ करणाऱ्या अशा पदार्थास उत्प्रेरक म्हणतात. धातूंच्या सूक्ष्म चूर्णाच्या साहाय्यानें सेंद्रिय पदार्थांशीं हायड्रोजन जोडण्याच्या पद्धतीबद्दल साबातिये यांस इ. स. १९१२ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां चूर्णच कां, असें कोणी विचारील. ही क्रिया धातूच्या पृष्ठभागावरच घडते; आंतील धातु व्यर्थ पडून राहतो. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग अवघा ६ चौरस सेंटिमीटर असतो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. त्याच घनाचे १० नॅनोमीटर बाजूचे घन पाडिले, तर सर्वांचा मिळून पृष्ठभाग ६०० चौरस मीटर भरतो! मात्र असे कण तापले कीं, एकमेकांस चिकटून मोठे होतात. म्हणून मिथेनॉल बनविण्याच्या उत्प्रेरकांत तांब्याचे कण जस्ताच्या व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांवर पसरून विलग राखितात.

आइसलंडांत इ. स. २०१२ च्या सुमारास असा एक कारखाना सुरू झाला. भूगर्भांतील वाफेवर चालणाऱ्या वीजकेंद्रांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड व विजेनें पाण्यापासून वेगळा केलेला हायड्रोजन यांपासून वर्षास सुमारें ४००० टन मिथेनॉल करण्याची त्याची क्षमता होती.

परंतु एक गोष्ट विसरूं नये. उत्प्रेरक वाट सोपी करितो, वाटखर्च देत नाहीं. जळलेल्या पदार्थाचें पुन्हां इंधन करावयाचें, तर त्या इंधनापासून मिळेल त्याहून अधिक ऊर्जा आधीं वेंचावी लागते. ती कोळसा जाळूनच मिळविली, तर सारा खटाटोप फुकट. ती सूर्य, वारा अथवा भूगर्भांतील उष्णता यांपासून घेतली, तरच हिशेब जुळतो. जमाखर्चाची ही वही जो नीट वाचील, त्यालाच ह्या शोधाचें खरें मोल कळेल.