फाळक्यांचा वाटाणा आणि शहराची चाल

दादासाहेब फाळके 1912च्या एप्रिलमध्ये लंडनहून परतले, तेव्हा विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मच्या कडांना भोकं पाडायचं यंत्र त्यांनी मिळवलं होतं. चित्रपटासाठी भांडवल मात्र नव्हतं. पैसे देणाऱ्याला काहीतरी हलतंचालतं दाखवल्याशिवाय तो खिशात हात घालणार नव्हता. फाळक्यांनी दादरच्या घरी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोखला आणि त्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपत गेले. ‘अंकुराची वाढ’ नावाची ही छोटी फिल्म पाहून यशवंतराव नाडकर्णी, नारायणराव देवहरे यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी 3 मे रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

या फिल्मबद्दल नेहमी सांगतात ते असं: रोज एक फ्रेम, महिनाभर, आणि मिनिटाभराची फिल्म. हे वाक्य आपण इतक्यांदा वाचलंय की त्यातलं गणित कुणी करून पाहत नाही. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण 16 फ्रेम धावत. रोज एक धरली तर महिन्याच्या 30 फ्रेम, म्हणजे पडद्यावर जेमतेम दोन सेकंद. मिनिटभर रोप वाढताना दिसायचं तर 960 फ्रेम लागतात, म्हणजे रोजच्या 32. दिवसभर दर थोड्या वेळाने हँडल एकेक फ्रेमपुरतं फिरवावं लागलं असणार, किंवा एकच फ्रेम प्रिंट काढताना अनेकदा छापावी लागली असणार. मला पहिली शक्यता जास्त पटते. फाळके आधी फोटोग्राफर होते, ब्लॉक बनवणारे होते. उजेड आणि वेळ मोजण्याची त्यांना सवय होती. दोन सेकंदांच्या फिल्मवर कर्ज देणारा माणूस तेव्हाही सापडला नसता.

गणिताचा एवढा आग्रह धरण्याचं कारण आहे. आज ज्याला टाइमलॅप्स म्हणतात, आणि कॅमेरा जागचा हलू लागला की हायपरलॅप्स म्हणतात, ती सगळी कला अशा हिशेबावर उभी आहे. पडद्यावर एक सेकंद हवा तर आत किती फ्रेम घालायच्या आणि दोन फ्रेमांमध्ये खरा काळ किती जाऊ द्यायचा, हे दोन आकडे आधी ठरले पाहिजेत. फाळक्यांच्या थोडं आधी, 1901मध्ये न्यूयॉर्कला फ्रेडरिक आर्मिटेज यांनी स्टार थिएटर पाडलं जाताना दर चार मिनिटांनी एक फ्रेम घेतली होती. आख्खी इमारत डोळ्यांदेखत विरघळते. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांची फुलं उमलण्याची फिल्म 1910ची. या सगळ्यांत कॅमेरा खिळल्यासारखा उभा आहे. हालचाल करायची ती इमारतीने किंवा फुलाने.

आपल्याकडे शहर या हिशेबात आणलं ते प्रमोद पती यांनी. जन्म ओडिशातला, 1932चा. प्राग शहरात इर्जी ट्रिंका या बाहुलीपटांच्या उस्तादाकडे ते शिकले आणि मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये काम करू लागले. 1970ची त्यांची ‘ट्रिप’ अवघी चार मिनिटांची आहे. विषय मुंबईच्या माणसाचं रोजचं जगणं आणि त्याचं क्षणभंगुरपण. तंत्र पिक्सिलेशनचं, म्हणजे बाहुलीऐवजी जिवंत माणसाला बसवायचं, एक फ्रेम घ्यायची, त्याने किंचित सरकायचं, पुढची घ्यायची. पडद्यावर तो माणूस पाय न हलवता घसरत जातो. 1968च्या ‘एक्सप्लोरर’मध्ये आणि चित्रकार आबिद सुरती यांच्यावरच्या 1972च्या ‘आबिद’मध्येही पतींनी फ्रेमशी असेच खेळ केले. सरकारी खात्याच्या पगारावर, सरकारी रिळांवर हे घडलं, याचा मला आजही अचंबा वाटतो. पती 1975 साली, चाळिशी ओलांडल्यावर लवकरच गेले. आपल्या चित्रपटाच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला जेवढ्या ओळी येतात, त्या फारच थोड्या आहेत.

त्या काळी चित्रपटगृहाच्या परवान्याच्या अटींतच फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट आणि वार्तापट दाखवणं येत असे. मुख्य चित्रपटाआधीची ती पंधरा-वीस मिनिटं म्हणजे पुष्कळांसाठी शेंगदाणे घेऊन जागेवर बसण्याची वेळ. पण नगर जिल्ह्यातल्या टॉकीजमध्ये बसलेल्या माणसालाही चार नेहमीच्या माहितीपटांनंतर एखादा वेगळा तुकडा दिसण्याची शक्यता त्यामुळे होती. आज ती वाट उरलेली नाही.

पतींच्या फिल्मनंतर करायचं उरलं होतं ते एवढंच: माणूस नाही, कॅमेराच फ्रेमागणिक हलवायचा. जपानमध्ये तोशिओ मात्सुमोतो यांनी 1975च्या ‘आत्मन’मध्ये एका मुखवटाधारी आकृतीभोवती वर्तुळावर 480 जागा आखून तिथून फ्रेम घेतल्या. पाहताना डोकं गरगरतं. मॉन्ट्रियलच्या गी रोलाँ यांनी 16 मिलिमीटरचा बोलेक्स कॅमेरा घेऊन शहरातल्या ठिकठिकाणांमधून असाच प्रवास केला. त्यांच्या 1995च्या ‘पेसर’ला शहरी हायपरलॅप्सच्या सुरुवातीच्या फिल्म्समध्ये मानाचं स्थान आहे. तेव्हा संगणकावर थरथर पुसून टाकायची सोय नव्हती. जे काही स्थिर दिसतं ते हाताने आणि डोळ्याने साधलेलं आहे.

ते कसं साधायचं? बोलेक्सला चावी असते, एकेक फ्रेम घेण्याची कळ असते आणि किती फ्रेम गेल्या हे दाखवणारा काटाही. ट्रायपॉड उभा करायचा, दूरची एक खूण धरायची, समजा मंदिराचा कळस किंवा पाण्याची टाकी, आणि ती दृश्यचौकटीत नेमक्या एका जागी आणायची. कळ दाबायची. ट्रायपॉड उचलून ठरलेलं अंतर पुढे, पुन्हा तीच खूण त्याच जागी. अंतर कमीजास्त झालं की पडद्यावर चाल अडखळते. खूण हलली की सगळं शहर थरथरतं. ढग आला तर त्या फ्रेमा काळवंडतात आणि चित्र लुकलुकतं. मधेच भिंगाचं छिद्र बदललं तरी तेच होतं, म्हणून ते एकदा ठरवलं की शक्यतो बदलायचं नाही. चूक झाली का, हे तिथे कळतच नाही. रीळ संपतं, लॅबमध्ये जातं, धुऊन येतं, तेव्हा कळतं. फाळक्यांच्या घरी तर फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंच्या हातून होत.

शिर्डीजवळच्या राहात्यात हे करून पाहायला उत्तम रस्ता आहे. पुण्याकडून शिर्डीला निघालेले पदयात्री नगर, राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर करत नगर-मनमाड मार्गाने राहात्यातूनच जातात, आणि इथून शिर्डी पाच किलोमीटरच्या आसपास. दर मीटरला एक फ्रेम धरू. 5,000 फ्रेम. सेकंदाला 24 या आजच्या वेगाने ते साडेतीन मिनिटांचं दृश्य होतं. 16 मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात 40 फ्रेम बसतात. 100 फुटी रिळात 4,000. म्हणजे एक रीळ पुरत नाही, दुसऱ्यातलं पाव लागतं. एका फ्रेमला ट्रायपॉड हलवण्यापासून कळ दाबण्यापर्यंत 10 सेकंद धरले, तर न थांबता जवळपास 14 तास. पेरूच्या बागांच्या सावल्या तोवर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेलेल्या असतील. त्यामुळे काम तीन-चार दिवसांत विभागावं लागेल, आणि रोज सकाळी त्याच तासांत, आदल्या दिवशी रस्त्याकडेला चुन्याने केलेल्या खुणेपासून सुरुवात करावी लागेल.

मोबाइलवर हा प्रयोग आज फुकट होतो आणि थरथरही आपोआप जाते. तरी आधी पाच किलोमीटरचा हट्ट नको. बाजारतळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा, पावलागणिक एक फोटो, समोरची एकच खूण पकडून. 240 फोटो झाले की दहा सेकंदांची फिल्म तयार. भाजीवाल्यांच्या पालांमधून चाल कुठे अडखळते ते पाहा आणि त्या जागी पावलाचं अंतर निम्मं करून पुन्हा घ्या.