वंगणाची कामगिरी



माझे शाळेतील शिक्षण सातवीपर्यंतचे. इंजिनाचा अभ्यास मला करावा लागला तो एका चौकशीपायी. घाटात एका मालट्रकचे इंजिन जाम झाले आणि ठपका चालकावर आला. त्याची बाजू मांडण्याचे काम संघटनेने माझ्यावर सोपविले. तो म्हणाला, "भाऊ, वळणावर तेलाचा काटा खाली पडायचा, सरळ रस्त्याला लागलं की पुन्हा चढायचा. मी दोनदा वहीत लिहून दिलंय." काटा वळणावरच का पडावा, हे मला उमगेना. म्हणून पुस्तके उघडली.

तेल लोखंडाला बुळबुळीत करते, एवढीच आपली समजूत असते. खरी गोष्ट याहून नवलाची आहे. १८८३ साली इंग्लंडात बीचम टॉवर हे गृहस्थ रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. तेल सोडण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्याला भोक पाडले, तर आस फिरताच तेल उलट वर येऊ लागले. भोकात बूच मारले, तर तेही बाहेर ढकलले गेले! फिरणारा आस तेलाला आपल्याबरोबर खेचून अरुंद फटीत कोंबतो. त्या कोंडलेल्या तेलात एवढा दाब उत्पन्न होतो, की ते सारा भार उचलून धरते. १८८६ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी याचे गणित मांडले.

मोटारीचा क्रँकशाफ्टही असाच केसाहून कितीतरी पातळ अशा तेलाच्या थरावर तरंगतो. भार उचलतो तो हा थर. पंपाचे काम तेथे तेल सतत पोहोचविण्याचे. इंजिनाच्या तळाशी तेलाचे चेंबर असते. त्याला इंग्रजीत 'संप' म्हणतात. आपण हसाल, पण या संपाशी आमच्या संघटनेचा काही संबंध नाही! तेथून पंप तेल ओढतो. ते गाळणीतून मुख्य बेअरिंगांकडे जाते आणि क्रँकशाफ्टला आतून पाडलेल्या भोकांवाटे कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांपर्यंत पोहोचते. वाटेत ते उष्णताही वाहून नेते. पुष्कळ वेगवान इंजिनांत तर पिस्टनच्या पोटावर तेलाची धार सोडून त्याला थंड ठेवतात.

आता शर्यतीच्या मोटारीचा विचार करा. मिनिटाला ६,००० फेरे म्हणजे सेकंदाला १००. वळणावर मोटारीला तिच्या वजनाइतका आडवा जोर बसला, तर चेंबरातील तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांनी तिरका होतो. तेल एका कडेला चढते, पंपाच्या नळीचे तोंड उघडे पडते आणि पंप हवा ओढू लागतो. हवेच्या फेसावर भार तोलत नाही. धातू धातूला भिडतो आणि बेअरिंग पाहता पाहता वितळते.

यावर पहिला उपाय म्हणजे चेंबरात आडपडदे घालणे. त्याहून पक्का उपाय 'ड्राय संप', म्हणजे कोरडे चेंबर. तळाशी तेल साठूच द्यायचे नाही. खाली आलेले तेल, हवेसकट, जादा पंपांनी उपसून वेगळ्या टाकीत न्यायचे. टाकी बहुधा उंच व अरुंद असते. तीत हवा वेगळी होते आणि दाबाचा पंप तळाचे निवळलेले तेल इंजिनाला पुरवितो. वळण कसेही असो, नळीचे तोंड बुडालेलेच राहते. चेंबर उथळ झाल्यामुळे इंजिनही खाली बसविता येते. १९६४ साली विक्रीस आलेल्या पोर्शे ९११ या रस्त्यावरच्या मोटारीतही हीच व्यवस्था होती.

आमच्या मालट्रकला कोरडे चेंबर कोठून असणार? मी चौकशीच्या टेबलावर एक परात ठेवली, तीत थोडे पाणी ओतले आणि ती तिरकी केली. एक कड कोरडी पडली. मग पाणी वाढवून पुन्हा तिरकी केली. ती कड बुडालेलीच राहिली. त्यानंतर चालकाची वही पुढे केली. तेल गळत असल्याची नोंद तीत होती, दुरुस्तीची नव्हती. ठपका मागे घेतला गेला.

तेव्हा मंडळी, वळणावर तेलाचा लाल दिवा क्षणभर जरी लागला, तरी 'पुढच्या गावी पाहू' म्हणू नका. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा आणि तेलाची पातळी पाहा. आणि आपला चालक तसे सांगू लागला, तर त्याचे ऐका.